टॅबलेटला पंखा नसतो

गेल्या मे महिन्यात जरीपटक्यातल्या खोलीवर भर दुपारी माझा टॅबलेट एकदम स्लो झाला. बिघडला, असंच वाटलं. संध्याकाळी पुन्हा नीट चालू! तेव्हा कळलं, चिप तापली की स्वतःच क्लॉक कमी करते. आपल्याला कूलर असतो, टॅबलेटला साधा पंखाही नसतो.

‘आकाश’ आठवतो? विद्यार्थ्यांसाठीचा हा स्वस्त टॅबलेट ५ ऑक्टोबर २०११ रोजी आला. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा; फार स्लो म्हणून टीका झाली. पुढे आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या टीमने त्यावर काम केलं आणि नोव्हेंबर २०१२ च्या ‘आकाश २’ मध्ये १ गिगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-ए८ आला.

मग क्लॉक वाढवतच का नाही न्यायचा? कारण चिपची डायनॅमिक पॉवर फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. शिवाय जास्त क्लॉकला व्होल्टेजही जास्त लागतो.

समजा, क्लॉक १००० वरून ६०० मेगाहर्ट्झ केला आणि व्होल्टेज १.२ वरून ०.९. पॉवर ०.६ × ०.५६, म्हणजे साधारण एक तृतीयांश! तेच काम करायला वेळ १.६७ पट लागतो, तरी एनर्जी ५६ टक्केच.

म्हणून डिझायनर व्हिडिओसाठी वेगळा ब्लॉक ठेवतो, रिकाम्या ब्लॉकचा सप्लाय तोडतो आणि कामाप्रमाणे व्होल्टेज बदलतो.

तेव्हा टॅबलेट घेताना नुसते गिगाहर्ट्झ बघू नका. नागपूरच्या उन्हात तो किती वेळ टिकतो, तेही विचारा.