परत आलेली कुबडी: पुन्हा वापरावी की मोडीत काढावी?

रुग्णालयातून घरी येताना माणूस कुबडी, वॉकर किंवा चाकाची खुर्ची बरोबर घेऊन येतो. दोन-तीन महिन्यांनी हाड जुळते, माणूस स्वतःच्या पायांनी कामावर जाऊ लागतो, आणि ते साधन दाराआड उभे राहते. पुढे ते माळ्यावर जाते. काही घरांत माणूस बरा होत नाही. तिथे तर ते साधन कोणालाच नजरेसमोर नको असते. अशी साधने रुग्णालयात परत नेली तर त्यांनी ती घ्यावीत काय, आणि घेतल्यास दुसऱ्या रुग्णाला द्यावीत की मोडीत काढावीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय किरकोळ वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता. माझ्या हातून एक चूक घडली म्हणून मी त्याचा अभ्यास केला. ती चूक आधी सांगतो.

माझी आई न्हाणीघरात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर दीड वर्ष ती वॉकर धरून चालली. ती गेल्यावर तो वॉकर मी त्याच रुग्णालयात परत नेला. "वापरलेले आम्ही घेत नाही, नियम नाही," एवढेच उत्तर मिळाले. कोणता नियम, हे विचारले तर कोणालाच सांगता येईना. रिक्षाचे भाडे खर्चून वॉकर घरी परत आणला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या शाखेतील एका निवृत्त शिपायांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. आम्ही सर्व कर्मचारी त्यांना मामा म्हणतो. मी वॉकर फिनाईलने स्वच्छ पुसला, उन्हात ठेवला आणि त्यांच्या घरी नेऊन दिला. मनाला फार समाधान वाटले. आठव्या दिवशी मामा मोरीच्या उंबऱ्याशी घसरले आणि मनगट मोडून बसले. उजवी बाजू आधीच अधू होती, मोडला तो डावा हात.

मी जाऊन वॉकर उलटा केला. चार पायांपैकी एकाचा रबर झिजून आरपार गेला होता आणि आतली नळी ओल्या फरशीवर टेकत होती. मामा म्हणाले, "भाऊ, तुम्ही आणून दिलेला, मी कशाला बघतो?" पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. ज्याची एक बाजू अधू आहे, त्याला दोन्ही हातांनी उचलायचा वॉकर देऊच नये. त्याला चांगल्या हातात धरायची चार पायांची काठी लागते. म्हणजे साधनही चुकीचे आणि त्याचा रबरही गेलेला. मी मात्र फिनाईल लावून निश्चिंत झालो होतो.

विद्यार्थी मित्रांनी येथे नीट लक्ष द्यावे. वापरलेल्या साधनाची भीती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रोगजंतू येतात. २०२० साली आपण भाजीसुद्धा साबणाने धूत होतो, ती सवय अजून मनातून गेलेली नाही. परंतु या बाबतीत वैद्यकशास्त्राने फार पूर्वीच वर्गवारी केलेली आहे. अमेरिकेतील अर्ल स्पॉल्डिंग या शास्त्रज्ञाने ती मांडली आणि आजही जगभर रुग्णालये तीच वापरतात. जे उपकरण शरीराच्या आत, रक्तापर्यंत जाते ते पूर्ण निर्जंतुक असलेच पाहिजे. जे तोंड, घसा यांच्या ओलसर अस्तराला लागते त्याला कडक जंतुनाशन हवे. आणि जे फक्त धडधाकट कातडीला लागते, त्याला नीट धुणे व साधे जंतुनाशक पुरते. कुबडी, काठी, वॉकर या तिसऱ्या वर्गात बसतात. भारतात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी जोखमीनुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग केले आहेत. त्यांतही चाकाची खुर्ची सर्वांत कमी जोखमीच्या ए वर्गात येते.

याचा अर्थ धुण्याची गरज नाही असा नव्हे. काही जंतू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, क्वचित आठवडेही टिकतात. आधी साबणाच्या पाण्याने घासून मळ काढावा लागतो, कारण मळ राहिला तर क्लोरीनचे औषध मळातच संपते. मग जंतुनाशक लावून दहा मिनिटे ठेवावे आणि साध्या पाण्याने पुसावे. न पुसल्यास क्लोरीन अॅल्युमिनियम खाते. मुठीवरचा स्पंज आणि बगलेखालची गादी मात्र घाम पिऊन बसलेली असते. ती धुऊन भागत नाही, बदलावीच लागते. चाकाच्या खुर्चीच्या कापडी बैठकीत खरजेचे किडे आणि ढेकूण राहू शकतात. आमच्या घरांत ढेकूण म्हणजे काय, हे मी वाचकांना सांगायला नको. ज्या वस्तूच्या वेष्टनावर वर्तुळात दोनचा आकडा छापून त्यावर तिरकी रेघ मारलेली असते, ती एकदाच वापरायची असते, असे चिन्ह दिसले तर प्रश्नच मिटला. सामान्यतः कुबडीवर ते नसते.

खरा धोका मोडण्याचा आणि न बसण्याचा आहे. अॅल्युमिनियम हलके म्हणून या साधनांसाठी वापरतात. परंतु या धातूचा एक स्वभाव आहे. पोलादाला ठरावीक मर्यादेच्या आतला भार लाखो वेळा दिला तरी ते सहसा टिकते. अॅल्युमिनियमला अशी पक्की मर्यादा नसते. भार लहान असला तरी पुनःपुन्हा दिल्याने ते आतून थकत जाते. उंची कमी-जास्त करण्यासाठी नळीला जी भोके पाडलेली असतात, तिथून बारीक चीर सुरू होते. वरून रंग चकाकत असतो आणि एक दिवस नळी वाकते. म्हणून प्रत्येक भोकाभोवती बोट फिरवून पाहावे, स्प्रिंगचे बटण पूर्ण बाहेर येते की नाही ते पाहावे, नळी सरळ आहे की नाही ते सपाट फरशीवर ठेवून पाहावे. वाकलेली नळी ठोकून सरळ करू नये, ती थेट मोडीत जावी. रबर मात्र प्रत्येक वेळी नवा घालावा. तो थोडक्या पैशांत मिळतो, आणि त्याच्यावाचून मामांचे मनगट गेले.

आता मापाविषयी. काठीची वा वॉकरची मूठ उभ्या माणसाच्या मनगटाच्या घडीशी यावी, म्हणजे कोपर थोडेसे वाकते. बगलेतील कुबडीचे वरचे टोक आणि बगल यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे आणि भार तळहातावर घ्यावा. पुष्कळ लोक बगल टेकवून लोंबकळतात. त्याने बगलेतली नस दाबली जाते आणि मनगट लुळे पडते. चाकाच्या खुर्चीचे तर विचारूच नका. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला चुकीच्या मापाची खुर्ची आणि दबलेली गादी दिली, तर त्याला न कळत जखम होते, ती हाडापर्यंत जाते आणि प्राणावर बेतते. मोजमाप न करता खुर्च्या वाटू नयेत, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००८ सालच्या आपल्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. जयपूर फूटसारख्या कृत्रिम पायाची गोष्ट आणखी वेगळी. त्याची वाटी त्या एकाच माणसाच्या मापाने घडवलेली असते, ती दुसऱ्याला उपयोगी नाही.

मग रुग्णालये सरसकट नाही का म्हणतात? ब्रिटनचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ पासून चालू आहे आणि कुबड्या रुग्णाला सामान्यतः मोफत मिळतात, श्रीमंत असो वा गरीब. तेथेही लोकांची जुनी तक्रार आहे की परत न्यायला गेलो तर रुग्णालय घेत नाही. कारण हिशेबाचे आहे. एक कुबडी धुवून, तपासून, नोंदवून ठेवायला जाणकार माणसाचा जेवढा वेळ लागतो, त्याचा पगार त्या देशात नव्या कुबडीच्या किमतीला भिडतो. शिवाय उद्या ती मोडली तर जबाबदार कोण? २०२० साली त्या सेवेने कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचा अहवाल काढला, तेव्हापासून परत घेण्याकडे कल वाढला आहे. आपल्याकडे हिशेब उलटा आहे. येथे तपासणाऱ्याचा वेळ तुलनेने स्वस्त आणि साधन महाग. घडीची साधी खुर्ची घ्यायची तर रोजंदारीवरच्या माणसाचे कित्येक दिवसांचे वेतन जाते. तेव्हा परदेशी रुग्णालये फेकतात म्हणून आपणही फेकावे, यात अर्थ नाही. आपल्याकडे अडते ते जबाबदारीपाशी. सरकारी कचेरीत वस्तू एकदा जडवस्तूंच्या वहीत चढली की निर्लेखन झाल्याशिवाय ती हलत नाही, आणि बाहेरून आलेली वस्तू चढवायला रकानाच नाही. जिन्याखाली गंजलेल्या खुर्च्यांचा ढीग दिसतो तो त्यामुळे.

आमच्या बँकेत जुन्या नोटा येतात तेव्हा आम्ही काय करतो? सगळ्या परत देत नाही आणि सगळ्या नष्टही करत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १९९९ सालच्या स्वच्छ नोट धोरणापासून पुन्हा देण्याजोग्या आणि न देण्याजोग्या अशा नोटा वेगळ्या काढाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, मी ते वर्षानुवर्षे केले आहे. पण पुन्हा देण्याजोगी नोट एकाच गल्ल्यातून सावकारालाही जाते आणि हमालालाही जाते. गरिबासाठी जुन्या नोटांचा वेगळा खण नसतो.

हा मुद्दा मी मुद्दाम घेतला. जुनी वस्तू घेण्याबद्दल आपल्या लोकांच्या मनात जो कडवटपणा आहे, त्याला इतिहास आहे. मनुस्मृतीने चांडाळासाठी प्रेतावरील वस्त्रे नेमून दिली होती. उतरलेले कपडे आणि उष्टे तुकडे हा आपल्या आजोबा-पणजोबांचा 'हक्क' मानला जाई, आणि मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी तो झुगारून देण्यास सांगितले. त्यामुळे "मेलेल्या माणसाचा वॉकर आम्हाला कशाला?" असे वस्तीतील एखादी आजी म्हणाली, तर तिला अंधश्रद्ध म्हणून हसू नये. दुसऱ्या बाजूला विनयपिटकात आनंद आणि कौशांबीचा राजा उदेन यांचा प्रसंग आहे. राणीवशाने पाचशे चीवरे दान दिली हे राजाला खटकले. एवढ्यांचे करणार काय, असे त्याने विचारले. जुन्या चीवराची चादर होते, जुन्या चादरीचे अंथरूण, त्याचे पुढे पायपुसणे, मग झाडपुसणीचे फडके, आणि अखेर ते कुटून मातीत मिसळून जमीन सारवतात, असा हिशेब आनंदांनी दिला आणि राजाचे समाधान झाले. त्या संघात राजपुत्र होते आणि न्हावीही होता, आणि नियम सर्वांना एकच. जुने वस्त्र एकावर लादले तर ते उतरलेले, सर्वांनी मिळून वापरले तर ते संघाचे. म्हणून माझे मत असे की, रुग्णालयाने परत आलेली साधने जरूर घ्यावीत, पण ती मोफत विभागासाठी वेगळी काढू नयेत. खास खोलीतल्या रुग्णालाही तीच कुबडी मिळावी. तसे करायची लाज वाटत असेल, तर ती कुबडी चांगली नाही असे समजावे.

असो. आमच्या मंडळाने हे काम लहान प्रमाणावर सुरू केले आहे. पद्धत बँकेचीच आहे. प्रत्येक साधनाला रंगाने क्रमांक घातला, वहीत त्याचे पान उघडले. आले कधी, धुतले कोणी, रबर बदलला कधी, माप कोणी घेतले, आणि तपासणाऱ्याची सही. सही नसेल तर साधन दारातून बाहेर जात नाही. अनामत घेतो, ती परतीच्या वेळी पूर्ण देतो. अनामत न परवडणाऱ्याकडून घेत नाही, पण वहीत तो रकाना कोरा ठेवतो, म्हणजे वही चाळणाऱ्याला कोणी दिली आणि कोणी नाही हे सहज कळू नये. आठवड्यातून एकदा त्या फिजिओथेरपिस्ट बाई येतात, त्यांच्याशिवाय खुर्ची देत नाही. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी बरीच साधने आम्ही मोडीत काढली, त्याबद्दल देणाऱ्यांपैकी काहीजण रुसले. एका गृहस्थांनी वडिलांची कुबडी परत मागून नेली, आम्ही दिली.

मामांचा हात जुळला, पण पूर्वीसारखी पकड राहिली नाही. ते आता चार पायांची काठी वापरतात, आणि आलेल्या प्रत्येक वॉकरचे चारही रबर काढून पाहण्याचे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतले आहे. आईचा वॉकर वहीत चौथ्या पानावर आहे. सध्या तो तिसऱ्या घरी गेला असून पानावर सही मामांची आहे.