तांबड्या डोळ्यांचा पिवळा रावा : रंग आणि वंश

नांदेड व लातूर जिल्ह्यांत ज्वारी हुरड्यास आली की राव्यांचे थवे शिवारात उतरतात. शेकडो हिरव्या पक्ष्यांत क्वचित एखादा रावा सर्वांगी पिवळा व तांबड्या डोळ्यांचा दिसतो. कोणी त्यास शुभ मानतो, कोणी परदेशचा समजतो, तर कोणी त्याची किंमत मनात धरून झाडाच्या ढोलीत हात घालतो. वस्तुतः हा पक्षी त्याच थव्यातील असून बहुधा त्याचे आईबाप हिरवेच असतात. असे का घडते हे समजले तर पक्ष्याचा जीव वाचतो आणि गोठ्यासाठी वळू निवडतानाही तेच ज्ञान उपयोगी पडते.

रंग कसा तयार होतो

राव्याच्या पिसात हिरवे रंगद्रव्य नसते. तेथे पिवळे द्रव्य असते. शिवाय पिसाची सूक्ष्म रचना व तिच्या मागचे काळे द्रव्य यांमुळे निळा प्रकाश परावर्तित होतो. पिवळा व निळा मिळून डोळ्यांस हिरवा रंग दिसतो. काळे द्रव्य तयार झाले नाही तर निळेपणा नाहीसा होऊन पक्षी पिवळा दिसतो. पिवळे द्रव्य नसेल तर तो निळा, आणि दोन्ही नसतील तर पांढरा दिसतो. पिवळ्या नराच्या चोचीचा लाल व कंठाचा गुलाबी रंग कायम राहतो, कारण ते काळ्या द्रव्यावर अवलंबून नाहीत. कंठाची काळी रेघ मात्र दिसत नाही.

डोळ्याचेही कारण हेच होय. डोळ्यात काळे द्रव्य नसल्यामुळे आतील रक्तवाहिन्यांचा रंग बाहेर दिसतो. अशा डोळ्यास प्रखर ऊन सोसत नाही. म्हणून तांबडा डोळा हे शुभचिन्ह नसून एका द्रव्याच्या अभावाची खूण आहे.

वंशाचा नियम

पक्ष्यांत नराजवळ दोन सारखी लिंगसूत्रे असतात. मादीजवळ त्या प्रकारचे एकच असते. पिवळेपणाचे जनुक याच सूत्रावर असते. नराच्या एका सूत्रावर ते असले तरी दुसऱ्या सूत्रामुळे तो हिरवाच दिसतो. अशा नरास वाहक म्हणतात. मादीस दुसरे सूत्र नसल्यामुळे तिच्यात हा रंग झाकून राहत नाही. त्यावरून पुढील हिशेब निघतो :

१. वाहक नर व हिरवी मादी : सरासरीने निम्म्या माद्या पिवळ्या; नर सर्व हिरवे, त्यांपैकी निम्मे वाहक.

२. पिवळा नर व हिरवी मादी : सर्व माद्या पिवळ्या, सर्व नर हिरवे, परंतु वाहक.

३. शुद्ध हिरवा नर व पिवळी मादी : सर्व पिले हिरवी, नर सर्व वाहक.

यामुळे रानात आढळणारा पिवळा रावा बहुधा मादी असतो. निळ्या रंगाचा नियम वेगळा आहे. ते जनुक आई व बाप या दोघांकडूनही आले तरच पिलू निळे होते.

बाजारात 'लव्ह बर्ड' म्हणून विकला जाणारा लहान पक्षी पुष्कळदा ऑस्ट्रेलियातील बजरीगार असतो. जॉन गूल्ड यांनी १८४० साली तो जिवंत इंग्लंडात नेला. रानात तो हिरवा असतो. निळे, पिवळे व पांढरे प्रकार पिंजऱ्यातील निवडीने वाढविले गेले. त्याच्या निळ्या रंगास कारण असलेले जनुक २०१७ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. तांबड्या डोळ्यांच्या पिवळ्या बजरीगारासही वरील तीन नियम लागू पडतात. हे पक्षी पाळणाऱ्यांनी केवळ रंगासाठी सख्ख्या भावंडांची जोडी लावू नये.

वंश की आजार

प्रत्येक पिवळे पीस वंशाचे नसते. निकृष्ट आहार किंवा यकृताचा विकार यांमुळेही हिरव्या पक्ष्यावर पिवळे डाग पडतात. अशा वेळी डोळा पाहावा. तो नेहमीसारखा असून केवळ डाग दिसत असतील तर पशुवैद्यकास दाखवावे. पूर्ण वाढलेल्या राव्याच्या बुबुळाभोवतीचे कडे फिके असते, तर पिलाचे गडद असते. हा फरक वयाचा आहे, जातीचा नव्हे.

कायदा

रावा हा भारतीय वन्य पक्षी असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यास संरक्षण आहे. हिरवा असो वा पिवळा, त्यास पकडणे, विकणे व पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. पिकाच्या राखणीसाठी चकाकणाऱ्या फिती, माळा व आवाज यांचा उपयोग करावा. ढोलीतून काढलेले कोवळे पिलू हाताळणीत व चुकीच्या आहाराने सहज दगावते. असे पिलू कोणाकडे आढळल्यास वनरक्षकास कळवावे.

गोठ्यासाठी धडा

गुरांत लिंगसूत्रांची मांडणी पक्ष्यांच्या उलट असते. म्हणून वरील तीन नियम तेथे जसेच्या तसे लावू नयेत. परंतु जे दिसत नाही तेही वंशात असू शकते, हे तत्त्व दोन्हीकडे खरे आहे. देवणी गुरांत वानेरा, बालंक्या व शेवेरा हे रंगाचे तीनही प्रकार एकाच जातीचे आहेत. लाल कंधारीची ओळख तिचा गडद तांबडा रंग ही होय. रंगावरून जात ओळखता येते, पण वळूच्या वंशात दडलेला दोष ओळखता येत नाही. समजा, देखणा वळू एखाद्या झाकलेल्या दोषाचा वाहक आहे. निर्दोष गाईंपासून झालेल्या त्याच्या निम्म्या कालवडी वाहक निघतील, पण एकीतही दोष दिसणार नाही. अशी वाहक कालवड त्याच वळूकडून फळविली तर मात्र सरासरीने ४ वासरांत १ सदोष निपजेल.

म्हणून वळूच्या कालवडी माजावर येण्यापूर्वी गावाने वळू बदलावा. कार्यकर्त्यांनी प्रत्येक वासराच्या आईबापांची नोंद शेतकऱ्यांकडून वहीत करवून घ्यावी. वळू पसंत करताना त्याच्या कातड्याचा रंग पाहावाच; परंतु त्याच्या आईचे दूध, बापाची नोंद व अगोदरची वासरे पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.