‘हा नेमका कोण?’ : वेबमालिकांतील प्रच्छन्न ओळख आणि प्रेक्षकांचे तर्क

१

कथा वाचणारा मनुष्य केवळ घडलेले वाचत नसतो. जे अद्याप सांगितले गेलेले नाही त्याविषयीही तो मनाशी काही जुळवीत असतो. वाचकप्रतिसादवादी समीक्षेने ही गोष्ट ठामपणे मांडली. वोल्फगांग इझर यांनी संहितेतील रिक्त जागांचा विचार करताना क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीचे उदाहरण घेतले आहे. दोन हप्त्यांमधील खंड हा वाचकाच्या कल्पनेला कामाला लावणारा काळ असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रोलां बार्थ यांनी ‘एस/झेड’ (१९७०) या ग्रंथात कथनातील जे पाच संकेत सांगितले, त्यांपैकी एक रहस्याचा आहे. प्रश्न उभा करणे, उत्तर लांबवणे, दिशाभूल करणे, अर्धवट उत्तर देणे आणि अखेर उलगडा करणे ही त्याची कार्ये होत.

आठवड्याला एक भाग या क्रमाने येणाऱ्या वेबमालिकांनी हा जुना खंड पुन्हा निर्माण केला आहे. ‘हे पात्र वस्तुतः दुसरेच कोणी आहे’ अशा स्वरूपाचे तर्क त्या खंडात जन्माला येतात. हे तर्क म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असे आपल्या विभागांमधून सहज म्हटले जाते. प्रस्तुत लेखकाचेही काही काळ तसेच मत होते. परंतु कादंबरीतील निवेदक कोठे बदलतो हे न सांगू शकणारा विद्यार्थी एखाद्या मालिकेच्या पहिल्या भागातील छायाचित्राचा नवव्या भागाशी संबंध अचूक जोडतो, असा अनुभव वर्गात वारंवार आल्यानंतर या मताचा फेरविचार करणे भाग पडले. असा तर्क हे वाचन आहे काय, आणि असल्यास त्याचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावयाचे, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

२

प्रथम परंपरेतील एक भेद लक्षात घ्यावयास हवा. प्रच्छन्न ओळख आपल्याला नवी नाही. विराटपर्वात अर्जुन बृहन्नडा होतो, भीम बल्लव होतो, द्रौपदी सैरंध्री होते. मात्र श्रोत्याला हे सारे आधीच ठाऊक असते. अज्ञान असते ते विराटाच्या दरबाराचे. ‘अभिज्ञानशाकुंतला’तही शकुंतला कोण हे प्रेक्षक जाणतो, विस्मरण दुष्यंताला झालेले आहे. येथे ओळख पटते ती पात्राला, आणि ती पटताना पाहणे हा प्रेक्षकाचा आनंद असतो. नाट्यशास्त्राने निर्वहण संधीत अद्भुत रसाची योजना सांगितली. पण तो अद्भुत प्रेक्षकाच्या अज्ञानावर अवलंबून नाही. आधुनिक रहस्यकथेत ही व्यवस्था उलटली. तेथे अंधारात ठेवला जातो तो वाचक.

या उलटलेल्या व्यवस्थेत वाचक काय करतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण चार्ल्स डिकन्स यांच्या ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ या कादंबरीचे आहे. बारा हप्त्यांची योजना असलेल्या या कादंबरीचे सहाच हप्ते लिहून झाले असता ९ जून १८७० रोजी डिकन्स यांचे निधन झाले. कादंबरीत डॅचरी नावाचा एक परका गृहस्थ अकस्मात अवतरतो. त्याचे केस दाट आणि पांढरेशुभ्र, पण भुवया मात्र काळ्या. हा कोणाचा तरी वेष आहे हे उघड, परंतु कोणाचा? वकिलाचा कारकून बॅझर्ड, नौदलातील निवृत्त अधिकारी टार्टर, फार काय स्वतः ड्रूड, अशी अनेक नावे वाचकांनी सुचविली. १९०५ साली कमिंग वॉल्टर्स यांनी तो पुरुष नसून हेलेना लँडलेस ही तरुणी आहे, असे मांडले.

या वादात निकाल देणारा लेखकच हयात नाही. त्यामुळे कोणता तर्क खरा ठरला, असे विचारण्याची सोय उरत नाही. कोणता तर्क संहितेतील अधिक गोष्टींचा अधिक सुसंगत अर्थ लावतो, एवढेच विचारता येते. प्रेक्षकांच्या तर्कांना लावावयाचा निकषही हाच होय, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

३

हा निकष दोन मालिकांना लावून पाहू. पहिली ‘वेस्टवर्ल्ड’. तिचे पहिले पर्व २ ऑक्टोबर ते ४ डिसेंबर २०१६ या काळात दहा भागांत एचबीओवरून दाखविले गेले. मानवसदृश यंत्रांनी वसविलेल्या एका करमणूक-नगरीत श्रीमंत पाहुणे मनसोक्त हिंसा करावयास येतात. विल्यम हा सौम्य, भाबडा तरुण तेथे प्रथमच आला आहे आणि डोलोरेस या यंत्रयुवतीच्या प्रेमात पडला आहे. दुसरीकडे काळ्या पोशाखातील एक क्रूर वृद्ध तिचाच छळ करताना दिसतो. हे दोघे एकच असून त्यांच्या कथांमध्ये तीस वर्षांचे अंतर आहे, असा तर्क उलगड्याच्या कितीतरी आधी प्रेक्षकांनी मांडला होता. नगरीचे बोधचिन्ह दोन कथांत निरनिराळे दिसते, ही त्यांची एक खूण. पहिल्या भागात शेतातील मातीत सापडलेले एका तरुणीचे छायाचित्र नवव्या भागात विल्यमच्या होणाऱ्या पत्नीचे म्हणून पुढे येते, ही दुसरी. दहाव्या भागात तर्क खरा ठरला.

तेव्हा एक तक्रार ऐकू आली : आधीच कळल्यामुळे गंमत गेली. ही तक्रार तपासण्याजोगी आहे. डोलोरेसला काळाचे भान नाही. तिची स्मृती इतकी अविकल आहे की आठवणे आणि अनुभवणे यांत तिला फरक करता येत नाही. प्रेक्षकाला दोन काळ एकच भासतात ते यामुळे. म्हणजे येथील लपवणूक वरून चिकटवलेली नाही. ती पात्राच्या जाणिवेतूनच आली आहे. ज्याने आधी ओळखले त्याने उत्तर मिळविले, पण त्यामुळे त्या प्रेमाची शोकांतिका कमी झाली नाही. उलट विल्यमच्या प्रत्येक सौम्य शब्दामागे त्याला पुढचा क्रूर वृद्ध दिसू लागला. बृहन्नडेला ओळखणारा श्रोता जेथे बसतो तेथेच तो येऊन बसला. ओळख कळल्यावरही जी कृती पुन्हा पाहावीशी वाटते, तिच्यातील रहस्य हे केवळ रहस्य नसते.

४

दुसरे उदाहरण फसलेल्या तर्काचे आहे, आणि अभ्यासकाला ते अधिक शिकविते. ‘वांडाव्हिजन’ ही नऊ भागांची वेबमालिका डिस्ने प्लसवर १५ जानेवारी ते ५ मार्च २०२१ या काळात आली. प्रियकर व्हिजन याच्या मृत्यूनंतर वांडा ही अद्भुत शक्ती असलेली स्त्री वेस्टव्ह्यू हे गाव आपल्या ताब्यात घेते आणि तेथे जुन्या विनोदी दूरदर्शन मालिकांच्या साच्यात एक सुखी संसार उभा करते. शेजारीण अॅग्नेस त्या संसारात सतत डोकावते. ही वस्तुतः मार्व्हलच्या चित्रकथांतील चेटकीण अगाथा हार्कनेस आहे, असे प्रेक्षकांनी लवकरच ओळखले. अगाथाचा आरंभ आणि हार्कनेसचा शेवट जोडला की अॅग्नेस होते, ही त्यांची एक खूण होती. सातव्या भागात हे खरे निघाले.

परंतु त्याच प्रेक्षकांचा दुसरा तर्क असा होता की या साऱ्यामागे मेफिस्टो हा सैतान आहे, आणि अॅग्नेसचा कधीच न दिसणारा नवरा राल्फ म्हणजे तोच. आधार अगदीच नव्हता असे नाही. दुसऱ्या भागातील संवादात सैतानाचा सूचक उल्लेख आहे. मूळ चित्रकथांत वांडाच्या जुळ्या मुलांचा मेफिस्टोशी संबंध आहे. पाचव्या भागाच्या अखेरीस वांडाचा मृत भाऊ दारात उभा राहतो. पण त्याची भूमिका करणारा नट भलताच असतो. याच नटाने दुसऱ्या चित्रपटमालिकेत त्याच भावाची भूमिका केली होती. तेव्हा दोन विश्वे एकत्र येत आहेत, असाही तर्क झाला. शेवटी मेफिस्टो आलाच नाही. भाऊ म्हणून आलेला तो राल्फ नावाचा गावातलाच एक सामान्य रहिवासी निघाला.

प्रेक्षक नाराज झाले. त्यांच्या नाराजीत थोडे तथ्य आहे : नटाची निवड ही जाणूनबुजून टाकलेली हूल होती. लपवणे आणि फसवणे यांतील सीमारेषा येथे पुसट होते. तथापि मेफिस्टोचा तर्क फसला तो सैतान आला नाही म्हणून नव्हे. आठव्या भागात वांडाच्या आयुष्यातील मृत्यू एकामागून एक उलगडतात आणि गाव कोणी ताब्यात घेतले याचे उत्तर मिळते : तिच्या दुःखाने. नवव्या भागात गावकरी तिला सांगतात की तिची दुःस्वप्ने त्यांना भोगावी लागतात. सैतानाचा तर्क मान्य केला तर या यातनांची जबाबदारी वांडावरून उतरते. म्हणजे तो तर्क वस्तुस्थितीबाबत चुकला तसाच अर्थाबाबतही चुकला. शोकाकुल मनुष्य स्वतःच दुसऱ्यावर अन्याय करू शकतो, हे मालिकेचे सांगणे त्याला झेपले नाही. मेफिस्टो शेवटी प्रकट झाला असता, तरीही हे वाचन उणेच राहिले असते, आणि मालिकाही.

५

यावरून काही निष्कर्ष काढता येतात. प्रेक्षकांच्या तर्काला तीन ठिकाणांहून पुरावा मिळतो : संहितेतून, तिच्यामागील कथापरंपरेतून आणि निर्मितीविषयक बाह्य माहितीतून. छायाचित्र हा पहिल्या प्रकारचा, अगाथाचे नाव दुसऱ्या, तर नटाची ओळख तिसऱ्या प्रकारचा पुरावा होय. या क्रमाने पुराव्याचे बळ सामान्यतः घटत जाते. दुसरे असे की तर्काची कसोटी भाकित खरे ठरण्यात नाही, तर त्याने संहितेचा किती भाग अर्थपूर्ण केला यात आहे. तिसरे म्हणजे ‘हा कोण?’ या प्रश्नाचे उत्तर ‘मग त्याने काय?’ या प्रश्नापर्यंत पोहोचत नसेल, तर ते कोड्याचे उत्तर होय, अन्वयार्थ नव्हे.

अध्यापकांच्या दृष्टीने हा तिसरा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्यांपाशी सूक्ष्म वाचनाची शक्ती नाही, असे आपण म्हणत आलो. ती आहे, बोधचिन्हातील फरक टिपणारी दृष्टी प्रतिमांची पुनरावृत्तीही टिपू शकते. उणीव आहे ती पुढच्या पावलाची. उत्तर सापडताच वाचन संपले, असे त्यांना वाटते, आणि परीक्षेसाठी तयार उत्तरे पुरवून आपणच त्यांची ही समजूत पक्की केली आहे. तेव्हा त्यांचे तर्क हसण्यावारी नेण्याऐवजी वर्गात आणावेत, पुरावा कोठला ते विचारावे, आणि तर्क खरा ठरला तरी तेथे न थांबता त्यांना संहितेकडे पुन्हा पाठवावे. डॅचरी कोण हे दीडशे वर्षांत ठरले नाही. वाचक मात्र अजूनही त्या काळ्या भुवयांकडे परत जातात.