परदेशी डिस्क आणि घरचा प्लेअर: मामाचे कानमंत्र

भाचीबाई, ताईने अमेरिकेहून पाठवलेली डिस्क लावलीस, पडद्यावर ‘राँग रीजन’ आलं आणि तू थेट प्लेअर भंगारात द्यायला निघालीस म्हणे! जरा दम खा. त्या बिचाऱ्याला काहीही झालेलं नाही, त्याला फक्त परक्या प्रांताची डिस्क लावायची मनाई केलेली आहे. ती मनाई बहुतेक वेळा घरबसल्या उठवता येते. फक्त सगळी बटणं एकदम दाबायची नाहीत, हे आधी कबूल कर.

१. आधी डबीची मागची बाजू बघ, तिथे पृथ्वीच्या छोट्या गोलात रीजनचा आकडा असतो – अमेरिका-कॅनडाचा १, युरोप आणि जपानचा २, हाँगकाँग-सिंगापूरकडचा ३, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेचा ४, चीनचा ६. आपण रशिया आणि बऱ्याचशा आफ्रिकेबरोबर ५ मध्ये. डबी वाचली तर बटणं वाचतात.

२. गोलात ‘ऑल’ किंवा शून्य असेल तर प्लेअरच्या वाटेला जाऊ नको – त्या डिस्कला कुलूपच नाही. हिंदी सिनेमांच्या कितीतरी डीव्हीडी अशाच निघायच्या, कारण त्या मुंबईइतक्याच दुबईत आणि न्यू जर्सीतही खपायच्या.

३. कुलूप का लावलं म्हणून चिडू नको, त्यामागे धंद्याचं साधं गणित होतं – १९९६-९७ साली डीव्हीडी बाजारात आली, तेव्हा हॉलिवूडचा सिनेमा अमेरिकेत आधी लागायचा आणि इतर देशांत महिनोन्‌महिने उशिरा. तिकडची डिस्क इकडे थिएटरच्या आधी पोचू नये आणि प्रत्येक देशात वेगळा भाव लावता यावा, म्हणून ही वाटणी. विमानं आणि प्रवासी बोटींसाठी तर ८ नंबर वेगळा काढून ठेवला.

४. लग्नाची, मुंजीची डिस्क लागत नसेल तर रीजनला दोष देऊ नको – घरी किंवा स्टुडिओत बर्न केलेल्या डिस्कला रीजन नसतो. ती बहुतेक वेळा ‘फायनलाइज’ करायची राहिलेली असते, नाहीतर लेन्सवर धूळ असते.

५. कुलूप उघडायचा आकडा, म्हणजे कोड, शोधण्यासाठी प्लेअरचा मॉडेल नंबर मागच्या पट्टीवरून उतरवून घे आणि शेवटची अक्षरं, तिरप्या रेघेनंतरचे आकडेही सोडू नको – एकाच नावाचा प्लेअर देशागणिक थोडा वेगळा निघतो, आणि एकाचा कोड दुसऱ्याला चालेलच असं नाही. दर्शनी भागावरचं मोठं नाव फक्त दुकानदाराच्या कामाचं.

६. त्याच्याबरोबर आलेला मूळ रिमोटच हातात घे – बाजारातल्या सर्वसाधारण रिमोटवर काही बटणं नसतात, आणि नेमकी तीच लागतात. सेलही नवे घाल. अर्ध्या कोडवर रिमोट मेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

७. कोड टाकताना ट्रे रिकामा असावा – डिस्क आत असली की बरेचसे प्लेअर ती वाचण्यात गुंततात आणि आकड्यांकडे लक्ष देत नाहीत. आकडे सावकाश दाब. घाईच्या बोटाला मेनू सापडत नाही.

८. प्रकार साधारण असा असतो: ट्रे उघड, सेटअपमध्ये जा, कोडबरोबर सांगितलेल्या पानावर आकडे दाब, की कोपऱ्यात रीजनचा आकडा उगवतो, वर-खालीच्या बाणांनी तो बदल आणि ओके दाब. फिलिप्सच्या काही जुन्या मॉडेलांत ‘प्रेफरन्स’च्या पानावर १३८९३१ दाबायचे असत – पण हा उदाहरणादाखल सांगतोय, दिसेल त्या प्लेअरवर मारून बघू नको.

९. बदलण्याआधी पडद्यावर दिसणारा जुना आकडा कोडबरोबर कागदावर लिही – परत यायची वाट माहीत असली की माणूस धीराने पुढे जातो. मोबाइलमध्ये फोटो काढतेस ते ठीक, पण तो फोटो पुढच्या वर्षी तुला सापडणार आहे का?

१०. काम झालं की प्लेअर नुसता रिमोटने बंद करू नको, भिंतीवरचं बटणच बंद कर आणि थोड्या वेळाने चालू कर – काही प्लेअर नवा आकडा तेव्हाच मनावर घेतात.

आता शून्याचं, म्हणजे प्लेअरला सगळ्या रीजनच्या डिस्क लावू देणाऱ्या आकड्याचं, जरा सविस्तर सांगतो, कारण इथे हुशार माणसंही अडतात.

११. शून्य टाकलं म्हणजे जग जिंकलं असं समजू नको – शून्यवाले प्लेअर घरोघरी झाल्यावर २००० च्या सुमारास हॉलिवूडच्या काही कंपन्यांनी अमेरिकी डिस्कमध्येच एक पहारेकरी बसवला. डिस्क प्लेअरला ‘तू कुठला?’ असं विचारते. ‘मी सगळीकडचा’ हे उत्तर तिला चालत नाही, ती पडद्यावर नकाशा दाखवते आणि हटून बसते.

१२. अशा वेळी शून्य काढून सरळ १ टाक, सिनेमा बघ आणि मग वाटल्यास परत शून्यावर आण – पहारेकऱ्याला नेमका एकच आकडा ऐकायचा असतो. म्हणूनच तो कोडचा कागद फेकायचा नाही.

१३. कोडने नाहीच जमलं आणि कोणी फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलायला सांगितलं, तर ती फाइल तुझ्याच मॉडेलची आहे याची खात्री झाल्याशिवाय हात लावू नको – मध्ये वीज गेली किंवा फाइल दुसऱ्याच मॉडेलची निघाली, तर प्लेअर उठतच नाही. इन्व्हर्टर असेल तर त्यावर कर. वॉरंटी शिल्लक असेल तर करूच नको.

१४. ताई तिकडचा प्लेअरच पाठवते म्हणाली तर मागच्या पट्टीवर ‘१००-२४०’ व्होल्ट लिहिलंय का, हे तिला आधी बघायला सांग – नुसतं ११० किंवा १२० लिहिलेला प्लेअर आपल्या २३० मध्ये खोचला की धूर काढून मोकळा होतो. परदेशी पाहुण्याला व्होल्ट विचारून वाढावं.

१५. कुलूप उघडलं, आवाज येतो, पण चित्र काळं-पांढरं किंवा वर-खाली पळतंय? मग प्रश्न रीजनचा नाही, चित्राच्या पद्धतीचा – आपल्याकडे आणि युरोपात पाल, अमेरिकेत आणि जपानात एनटीएससी. जपान आणि इंग्लंड दोघांचाही आकडा २, तरी पद्धती दोन, हे लक्षात ठेव.

१६. सेटअपमध्ये ‘टीव्ही सिस्टिम’ शोध आणि ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’ कर. काही रिमोटवर त्यासाठी ‘पी/एन’ असं वेगळं बटणच असतं – ते चुकून दाबलं गेलं म्हणून टीव्ही दुरुस्तीला नेणारी माणसं आपल्याच घराण्यात आहेत, नाव सांगत नाही. हल्लीचे सपाट टीव्ही बहुधा दोन्ही पद्धती दाखवतात, कुरकुर असते ती जुन्या डब्ब्यांची.

१७. उलट्या वाटेलाही हेच. बाळाच्या बारशाची डिस्क तिकडे पाठवायची असेल तर व्हिडिओवाल्याकडून एनटीएससीत करून घे – तिला रीजन नसला तरी पालमधलं चित्र अमेरिकेतले बरेच प्लेअर आणि टीव्ही दाखवत नाहीत. चुकून पालच गेली तर ताईला कॉम्प्युटरवर लावायला सांग, त्याला पद्धतीचं वावडं नाही.

१८. इंग्लंडच्या डिस्कवर सिनेमा थोडा लवकर संपला तर कात्री शोधू नको – सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा पालमध्ये २५ ने पळवतात, म्हणून दोन तासांतली जवळजवळ पाच मिनिटं वाचतात. आवाजही किंचित बारीक येतो. तानपुऱ्याशी कान जुळलेल्या तुझ्या आजीला तो लगेच खुपला असता.

१९. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हने ‘रीजन बदलू का?’ विचारलं तर सवयीने ‘हो’ म्हणू नको – पाचदाच बदलता येतो, पाचव्यांदा जो असेल तो कायमचा. त्यापेक्षा व्हीएलसी या प्रोग्रॅममध्ये लावून बघ, बहुतेक वेळा भागतं.

२०. ब्लू-रेचं कुलूप निराळं, तिथे ए, बी, सी अशी तीनच दालनं आणि आपण सी मध्ये – डीव्हीडीचा कोड टाकून ते उघडत नाही. फोर-के डिस्कला मात्र रीजनच ठेवलेला नाही.

२१. इतकं करून हट्टी निघालाच, तर नवा साधासा प्लेअर बघायला जा – नाव नसलेल्या स्वस्त प्लेअरांना पुष्कळदा मुळातच कुलूप नसतं, आणि भारी कंपनीचे मात्र नियम पाळतात. दुकानदाराच्या ‘सगळं चालतं मॅडम’वर जाऊ नको, ताईची डिस्क बरोबर ने आणि पैसे देण्याआधी तिथेच लावून बघ. निघताना ती ट्रेमधून काढून घे, नाहीतर दुकानदाराचा रविवार छान जाईल आणि तू मला फोन करशील.