पाहुण्यांचे गूळपाणी

उन्हातान्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवण्याची महाराष्ट्रात जुनी रीत आहे. या स्वागतास खर्च थोडा. मात्र पाणी थंड व स्वच्छ हवे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि तिच्याबरोबर आतील उष्णताही निघून जाते. हवा जितकी कोरडी, तितके पाणी अधिक गार. म्हणूनच दमट कोकणापेक्षा विदर्भातील उन्हाळ्यात माठ अधिक उपयोगी पडतो. तो सावलीत, वारा खेळेल अशा जागी तिवईवर ठेवावा. त्यावर झाकण असावे व जवळ लांब दांड्याचे ओगराळे. हात बुडवून पाणी काढल्यास ते दूषित होते आणि आदराने दिलेला पेलाच पाहुण्यास आजारी पाडू शकतो. आतिथ्याचा आरंभ अशा लहानशा दक्षतेतच असतो.