चारवरच वारा येतोय ना?

ऐक गं, गाडीचा ब्लोअर एक-दोन-तीनवर गप्प आणि चारवर एकदम सोसाट्याचा, एवढं सांगितलंस तेव्हाच दुखणं कळलं. तुझा एसी गेलेला नाही, ब्लोअरचा रेझिस्टर जळालाय. भालकी-हुमनाबाद जाता-येता मे महिन्यात भाजून निघायला नको, आणि ‘त्यांना वेळ मिळाला की बघू’ म्हणत थांबायलाही नको. हे काम तुला जमणारं आहे.

आधी कारण समजून घे, म्हणजे भीती जाते. मोटर एकच, वेग चार. खालच्या वेगांना वीज रेझिस्टरमधून जाते. तो तिला अडवतो आणि त्यापायी तापतो. चारवर वीज त्याला वगळून थेट मोटरला मिळते, म्हणून तेवढा वेग शाबूत. तापतो म्हणूनच त्याला मुद्दाम वाऱ्याच्या वाटेत बसवलेला असतो. वारा कमी पडला की तो जळतो. आणि वारा अडवते ती आपली धूळ. तुमच्याकडं बिदरचा तांबडा मुरूम. इकडं गुलबर्ग्याला तुरीची रास सुरू झाली की भुसकट, शहाबाद-सेडमकडं गेलं की फरशीची नि सिमेंटची पूड. सगळं केबिन फिल्टरमध्ये जाऊन बसतं. म्हणून नुसता रेझिस्टर बदलू नकोस, फिल्टरही बदल. नाहीतर नवाही जळेल.

आता हात घाल. चावी काढून ठेव. १० नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडव आणि थोडा वेळ जाऊ दे. डाव्या सीटसमोरचा कप्पा रिकामा करून उतरव. बहुतेक गाड्यांत त्याच्या मागं किंवा खाली ब्लोअर असतो आणि शेजारी दोन स्क्रूंनी बसवलेला रेझिस्टर. पिवळ्या वायरींना हात लावू नकोस, त्या एअरबॅगच्या असतात. सॉकेटचा खटका दाबून मगच ओढ. ते तपकिरी पडलं असेल, वितळलं असेल, तर तेही ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बदलून घे. ब्लोअरचा पंखा बोटानं फिरवून बघ. जड फिरत असेल तर मोटर जास्त वीज ओढते, आणि तीही रेझिस्टरचा जीव घेते.

दुकानात जुना भाग सोबतच ने, सॉकेटच्या पिना मोजून घे. ‘एसीचं काहीतरी’ असं म्हणू नकोस. ‘ब्लोअरचा रेझिस्टर, हाच नंबर’ असं ठणकावून सांग. नेमकं मागणाऱ्या बाईला कुणी उगाच गॅस भरायला लावत नाही.

नवा रेझिस्टर जागेवर बसवून, बॅटरीची वायर परत जोडूनच ब्लोअर चालू करून बघ. बाहेर लोंबकळत ठेवून नको, तिथं त्याला वारा लागत नाही. फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तोही बघून घे.

एक मात्र लक्षात ठेव. चारही वेग चालतात पण हवा गार येत नाही, तर दुखणं गॅसचं किंवा कॉम्प्रेसरचं असू शकतं. त्या नळ्यांना हात लावायचा नाही. आत दाबाखालचा गॅस असतो, अंगावर उडाला तर कातडी गोठते. ते काम मशीनवाल्याचंच. आणि चारही वेग बंद असतील तर आधी फ्यूज बघ.

उन्हाळा संपला की ब्लोअरचं काम संपलं असंही समजू नकोस. डिसेंबरात बिदरच्या पहाटे समोरची काच धुरकटते, तेव्हा तीही याच ब्लोअरनं निवळते. हीटरलाही वारा हाच पुरवतो. म्हणून दरवर्षी तुरीच्या राशी उरकल्या की फिल्टर बघायचा.

‘कशाला नसतं धाडस’ असं घरात कुणीतरी म्हणेलच. वाद घालू नकोस, फक्त टॉर्च धरायला बोलाव. रविवारी उन्हं चढायच्या आत सुरुवात कर. अडलं तर या अक्काला व्हिडिओ कॉल लाव, पण पेचकस तुझ्याच हातात राहू दे.