बळकट कृत्रिम तंतू

पोते, सुतळी आणि दोर यांच्याशी आम्हा धान्य-व्यापाऱ्यांचा नित्याचा संबंध. दोर घेताना आपण जाडी व भाव पाहतो. तंतूची जात सहसा विचारीत नाही. माल चढविताना दोराखाली हमाल उभे असतात, म्हणून ती जाणणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या विदुषीने एक बहुवारिक द्रावण सिद्ध केले. अशी द्रावणे एरवी दाट व स्वच्छ असत. हे मात्र ताकासारखे पातळ व गढूळ निघाले. एखाद्याने ते फेकूनही दिले असते. बाईंनी आग्रहाने त्याचा धागा काढविला. त्यातूनच पुढे केवलार आला. त्याचे ताठ रेणू धाग्याच्या लांबीत समांतर बसतात व एकमेकांस हायड्रोजन-बंधांनी धरून ठेवतात. म्हणून समान वजनाच्या पोलादाच्या सुमारे पाचपट ताण तो सोसतो. तो वितळत नाही. परंतु दाबाखाली दुबळा ठरतो, आणि ऊन, तीव्र आम्ले व अल्क यांनी त्याचे बळ खचते.

पॉलिथिलीनच्या अतिदीर्घ साखळ्यांचा डायनीमा निराळा. तो पाण्यावर तरंगतो, आम्लास दाद देत नाही. पण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. शिवाय इतका गुळगुळीत की साधी गाठ निसटते, आणि ओझे टांगून ठेवल्यास हळूहळू लांबत जातो.

आपला नायलॉन ताणाखाली लवतो व झटका पचवितो. पावसात भिजला की त्याचे बळ काहीसे घटते, एवढे ध्यानी ठेवून ओझे बेताचे करावे. गोण्या चढविण्यास आमच्या मते तोच पुरे. केवलारची किंमत त्या कामी वाया जाते.